फिनाईलचा वास

शनिवार संध्याकाळ म्हणजे आमच्याकडे दादाच्या फोनची वेळ. मी शाळा आटोपून अमरावतीहून तिवस्याला येतो, आई तुळशीपाशी दिवा लावते आणि मग आम्ही दोघं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून त्याच्यासमोर बसतो. तिकडे कोलंबसला, म्हणजे ओहायो राज्यात, तेव्हा सकाळ असते. दादा चहा पीत असतो, वहिनी मागे काहीतरी आवरत असते आणि पुतणी बारा वर्षांची असल्यामुळे एका जागी बसत नाही. विषय ठरलेले. पाऊस, तुरीचा भाव, कोणाच्या लग्नाला कोण आलं नाही, आणि आईचे गुडघे.

पुढच्या महिन्यात आई चार महिन्यांसाठी तिकडे जाणार आहे. पहिल्यांदाच. त्यामुळे सध्या तिच्या खोलीची तयारी चाललीय. आणि त्या खोलीत आजवर 'संत्रा' राहत होता.

संत्रा म्हणजे साप. दचकू नका. तिकडच्या जातीचा, कॉर्न स्नेक म्हणतात त्याला. अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, चारेक फुटांचा. अंगाचा रंग अस्सल मृगबहाराच्या संत्र्यासारखा, त्यावर लालसर ठिपके. नाव दादानेच ठेवलंय. पुतणीने दोन वर्षं हट्ट केला तेव्हा कुठे वहिनीने हो म्हटलं, तेही एका अटीवर : पेटीची साफसफाई पोरीनेच करायची. आता आई येणार म्हणून संत्र्याचं बिऱ्हाड पोरीच्या खोलीत हलवायचं, आणि हलवण्याआधी पेटी घासूनपुसून स्वच्छ करायची, असा त्या शनिवारचा बेत होता.

आईला साप पाळण्याचं काही नवल नाही. नागपंचमीला भिंतीवर नाग काढून त्याला लाह्या वाहणारी आणि एरवी दादाने पकडून आणलेल्या सापाला "आता हे कायले आनलं बापा घरात" म्हणणारी ती. तिला काळजी वासाची होती. "घाण वास येते का गं त्याचा?" तिने नातीला विचारलं.

"थोडा येतो आजी. पण आज सगळं डिसइन्फेक्ट करणार. हे बघ!" आणि पुतणीने कॅमेऱ्यासमोर एक बाटली धरली. फरशी पुसायची. पिवळसर द्रव, वर देवदाराच्या झाडाचं चित्र. "याचा वास एकदम मस्त आहे, पाईनचा. तुला आवडेल."

"थांब!" मी ओरडलो. चांगलाच ओरडलो असणार, कारण आईच्या हातातली वात खाली पडली. "ते नको लावू. ते अजिबात लावायचं नाही."

फोनच्या दोन्ही बाजूंना सगळे गप्प. मग दादा सावकाश म्हणाला, "काऊन रे?"

आता या 'काऊन'चं उत्तर मला नीट माहीत होतं. पण ते पाव शतकाहून जास्त काळ मी कोणालाच दिलेलं नव्हतं.

* * *

१९९७ चा मे महिना. दादा एकवीसचा, मी सतराचा. बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत मी घरी रिकामाच होतो. दादा तेव्हा गावात सर्पमित्र म्हणून ओळखला जाऊ लागला होता. कोणाच्या कुटारात नाग निघाला, कोणाच्या न्हाणीत कवड्या शिरला, की सायकलवर त्याला न्यायला माणूस यायचा. पकडलेला साप तो बहुतेक वेळा वर्धा नदीच्या बाजूला दूर नेऊन सोडायचा. पण त्या वेळी एक धामण त्याने घरी आणली.

कोणीतरी कुंपणावर मासोळीचं नायलॉनचं जाळं वाळत घातलं होतं, त्यात ती अडकली होती. सुटायच्या धडपडीत जाळं मानेखाली पार रुतलेलं. दादाने दाढीच्या ब्लेडने एकेक धागा कापला, दोन तास लागले. सात फुटांची धामण, आणि गळ्याभोवती लाल कापलेली वळी. ढोरांच्या डॉक्टरला विचारून तो तिला औषध लावू लागला. जखम भरेपर्यंत ठेवू, मग सोडू, असा त्याचा हिशेब. कोठ्यात, म्हणजे गाईच्या गोठ्यात, चहाच्या लाकडी पेटीला एका बाजूने काच आणि वरून बारीक जाळीचं झाकण बसवून त्याने तिच्यासाठी घर केलं होतं.

दहाएक दिवसांनी त्याला नागपूरला एका मुलाखतीचं बोलावणं आलं. तीन दिवसांचं काम होतं. जाताना त्याने मला सांगितलं, "पाणी बदलवत जाजो, आन् पेटी साफ ठेवजो. जखमेत घाण गेली नाही पाह्यजे."

पेटी साफ ठेवजो. एवढंच.

दुसऱ्या दिवशी धामणीने घाण केली. सापाची विष्ठा ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : काळपट मळ आणि त्याच्यासोबत पांढरा, खडूसारखा गोळा. तो पांढरा भाग म्हणजे त्यांची लघवीच, युरिक आम्लाच्या रूपात. मे महिन्याच्या उन्हात त्याचा असा वास सुटला की बस. मी दादाने शिकवल्याप्रमाणे काठीने अलगद उचलून तिला पोत्यात घातलं, वरून गाठ मारली, पेटी अंगणात आणली आणि विचार केला की साफ म्हणजे कशी, एकदम दवाखान्यासारखी साफ करू. दवाखान्याचा वास मला माहीत होता. तोच वास आमच्या संडासात असायचा. काळं फिनाईल!

आई बादलीभर पाण्यात एक झाकण टाकायची. मी पाणी घेतलंच नाही. जंतू मारायचे तर पातळ कशाला करायचं? सरळ बाटली उपडी केली, खराट्याने पेटीभर फासलं, वाळू दिलं ना दिलं तोच वर वर्तमानपत्र अंथरलं आणि धामणीला आत सोडून झाकण लावलं. ऊन लागू नये म्हणून वरून ओलं पोतंही टाकलं. किती काळजी घेतली होती बघा.

संध्याकाळी पाहिलं तर ती जाळीशी तोंड लावून उभी. अर्धं अंग उचललेलं, तोंड उघडं, आणि डोकं झाकणावर घासतेय. मला वाटलं, जखम बरी झाली, ताकद आली. मी खूश होऊन झोपलो.

सकाळी ती पालथी पडली होती. पोटाचा पिवळसर भाग वर.

त्या वेळी मला कारण कळलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण खरं सांगतो, झाकण काढल्याबरोबर वासाचा जो भपकारा नाकात गेला, डोळ्यात पाणी आलं, त्याच क्षणी कळलं. मी पेटी धुतली. तीन बादल्या पाणी ओतलं. लाकडातून वास जाईना. दादा आला तेव्हा मी सांगितलं, "जखम चिघळली असन. मेली."

दादा काही बोलला नाही. त्याने तिला लिंबाच्या झाडाखाली पुरलं. त्यानंतर त्याने एकही साप घरी ठेवला नाही. पुढे त्याला नोकरी लागली, तो पुण्याला गेला, तिथून अमेरिकेला. मी रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलं. म्हणजे कोणत्या गोष्टीने ती मेली, हे नीट समजण्याचं शिक्षणही मी स्वतःहून घेतलं. असो.

* * *

फिनाईलमध्ये काय असतं ते थोडक्यात सांगतो, मास्तर आहे, राहवत नाही :)

काळं फिनाईल बनतं डांबरापासून मिळणाऱ्या फिनॉलच्या जातीच्या पदार्थांपासून. ते जंतूंच्या आवरणातून आत शिरतात आणि प्रथिनं नासवतात. म्हणून तर ते जंतुनाशक. पण ते जंतू आणि जनावर असा भेद करत नाहीत. मांजराच्या यकृताला फिनॉल निकामी करून बाहेर टाकणं नीट जमत नाही, म्हणून फिनाईलने पुसलेल्या फरशीवर चालून पंजे चाटणारं मांजर आजारी पडतं, हे मला अमरावतीच्या एका गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सापाचं तर त्याहून बिकट. तो पायांनी नाही, सगळ्या पोटाने जमिनीला चिकटलेला. नाकाने तर श्वास घेतोच, शिवाय जीभ बाहेर काढून हवेतले कण टाळूतल्या इंद्रियापर्यंत नेतो. म्हणजे वास त्याला जवळपास चाखावाच लागतो. बहुतेक सापांचं डावं फुफ्फुस नावापुरतं असतं, सारी मदार उजव्यावर. आणि बंद पेटी. पळायला जागा नाही.

पाईन तेलाची फरशी पुसायची द्रावणं, देवदार-पाईनच्या लाकडाचा भुसा, काही अँटिसेप्टिक द्रव, यांतही याच कुळातले किंवा तसेच उग्र पदार्थ असतात. म्हणून सापाच्या पेटीजवळ ते नकोत. आपल्याला जो वास 'स्वच्छ' वाटतो तो निव्वळ सवयीचा आहे. स्वच्छतेला स्वतःचा वास नसतो.

* * *

तर, दादा म्हणाला, "काऊन रे?"

मी सांगितलं. आई शेजारी बसलेली, वहिनी ऐकतेय, पुतणी बाटली हातात धरून उभी. चहाची पेटी, काळं फिनाईल, ओलं पोतं, सकाळ. सगळं. बोलता बोलता मी फोनकडे पाहत नव्हतो, तांब्याकडे पाहत होतो.

दादा म्हणाला, "माहीत होतं मले."

"काय?"

"अरे, वास येत होता ना तिच्या अंगाले. पुरताना माह्या हाताले लागला. दोन दिवस गेला नाही."

आणि आई, वात पुन्हा वळत, अगदी सहज : "बाटली खाली झाली होती. महिनाभराची बाटली एका दिवसात कशी सरते, मले का कळत नाही?"

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मीच एकटा इतकी वर्षं ते लपवून बसलो होतो. मी दादाला विचारलं, मग तू बोलला का नाहीस तेव्हा? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुले काय बोलू? मीच ठेवली होती ना तिले. पेटी साफ ठेवजो म्हटलं, पन कशी ते सांगतलं नाही. मलेच कोठी माहीत होतं? आन् ठेवाचंच कायले होतं? वनखात्याले कळवाचं होतं. मले लोकायले दाखवाची हौस होती." साप घरी ठेवणं त्याने बंद केलं ते माझ्यामुळे, असं मी समजत होतो. तो ते स्वतःमुळे समजत होता.

पुतणीने बाटली खाली ठेवली. "मग काका, कशाने धुऊ?"

* * *

मग त्या शनिवारी आम्ही ती पेटी फोनवरून धुतली. दीड तास. आईसुद्धा उठली नाही. ते सगळं क्रमाने लिहून ठेवतोय, कारण आपल्याकडेही सर्पमित्रांच्या घरी, बचाव केंद्रात पेट्या असतात, आणि तिथे कोणातरी सतरा वर्षांच्या पोराला "साफ ठेव" एवढंच सांगितलं जात असेल.

पहिलं काम संत्र्याला बाहेर काढण्याचं. तेही कधी? त्याने उंदीर खाल्ल्यावर दोन दिवस तरी हलवायचं नाही, नाहीतर तो खाल्लेलं उलटून टाकतो. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, तेव्हाही टाळलेलं बरं. घट्ट झाकणाच्या, भोकं असलेल्या डब्यात ठेवून डबा दुसऱ्या खोलीत. गरम करायच्या उपकरणाची वायर भिंतीतून काढायची. खिडकी उघडायची. हातमोजे घालायचे.

मग घाण. खालचा अंथरलेला कागद, भुसा सगळा पिशवीत बांधून कचऱ्यात. त्यानंतर गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ब्रश. तो पांढरा गोळा काचेला सिमेंटसारखा चिकटतो, कारण युरिक आम्ल पाण्यात फारसं विरघळत नाही. पाच-दहा मिनिटं गरम साबणाचं पाणी टाकून भिजू द्यायचं, मग तो सुटतो.

इथे पुतणीने विचारलं, "सरळ ब्लीच टाकलं तर? वेळ वाचेल."

उत्तर आईने दिलं. "गाडगेबाबा आधी गाव झाडत, मंग रात्री कीर्तन करत. आधी झाडाव लागते बाई."

मी इतकी वर्षं शिकवतोय, पण निर्जंतुकीकरणाचा पहिला नियम इतक्या थोडक्यात मला सांगता आला नसता. शेणघाण शिल्लक असेल तर ब्लीचची ताकद त्या घाणीशी झुंजण्यातच संपते, खालचे जंतू तसेच राहतात. शिवाय कुजलेल्या मूत्रात अमोनिया असतो, आणि अमोनियावर ब्लीच पडलं की क्लोरामाईन नावाचा घशाला जाळणारा वायू निघतो. तसंच संडास धुवायच्या ॲसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये ब्लीच मिसळलं की क्लोरीन. काच पुसायच्या काही द्रवांतही अमोनिया असतो. म्हणून ब्लीचमध्ये पाण्याशिवाय दुसरं काही, काही म्हणजे काहीही मिसळायचं नाही. हे मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

ब्लीच म्हणजे तरी काय? आपली ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकते ना, तिचाच द्रवरूप भाऊ. दोघांतही मारणारा तो क्लोरीनच. बिनवासाचं साधं ब्लीच अर्धा कप आणि पाणी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. साधारण तीस भाग पाण्याला एक भाग. ताजं करायचं, कालचं उरलेलं वापरायचं नाही, ताकद उतरते. काचेवर सगळीकडे लावायचं आणि दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. लगेच पुसलं तर काही उपयोग नाही. आमच्या त्या दहा मिनिटांत आईने दोन स्थळांची माहिती सांगून घेतली.

नंतर स्वच्छ पाण्याने धुवायचं. पुन्हा धुवायचं. पुन्हा. मग पूर्ण वाळू द्यायचं, उघड्या हवेत. आणि शेवटी पेटीत डोकं घालून वास घ्यायचा. किंचितही वास आला तर परत पाणी. "वास आला तर पेटी तयार नाही," मी म्हणालो. दादा फोनमध्ये काही बोलला नाही, नुसती मान हलवली.

पाण्याचं भांडंही असंच, पण ते आठवड्यातून एकदा, आणि पाणी रोज ताजं. दोन भांडी असली म्हणजे एक वाळत असताना दुसरं कामात. आतली लपायची जागा लाकडाची होती. लाकूड घाणही पिऊन घेतं आणि औषधही, हे मला कोणी सांगायला नको. ती फेकायला लावली, प्लास्टिकची आणा म्हटलं. गरमीचं उपकरण परत लावून, तापमान नीट झाल्याचं पाहूनच संत्र्याला आत सोडायचं. आणि असं सगळं धुणं महिन्यातून एकदा पुरे. रोज दिसेल ती घाण उचलली की झालं. सतत धुण्यानेही साप बिथरतो, त्याच्या ओळखीचा वासच उरत नाही.

ब्लीचनेही सगळं मरत नाही, हेही सांगून ठेवतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, सापाच्या जठरात सूज आणतो. त्याची कवचातली अंडी नेहमीच्या ब्लीचला दाद देत नाहीत. साप खाल्लेलं वारंवार उलटतोय, पोटाच्या मध्यावर फुगलाय असं दिसलं तर घासत बसू नये, डॉक्टर गाठावा. नवा साप आणला तर दोन-तीन महिने वेगळा ठेवावा, त्याचा ब्रशही वेगळा.

* * *

एवढं झाल्यावर वहिनीने विचारलं, "हे सगळं आम्ही किचनच्या सिंकमध्येच धुतो. चालतं ना?"

आईने कपाळाला हात लावला. या वेळी विज्ञान पूर्णपणे आईच्या बाजूने होतं!

साप कितीही तुकतुकीत, निरोगी दिसला तरी त्याच्या आतड्यात साल्मोनेला असू शकतो. त्याला काही होत नाही, आपल्याला जुलाब, ताप. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टच्या वरची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांना ते चांगलंच महागात पडतं. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती याच कारणाने. पोरं ती इवली कासवं तोंडात घालायची. आमची आई चौऱ्याहत्तरची, वर मधुमेह. म्हणजे तिच्या खोलीच्या तयारीत वासापेक्षा मोठा प्रश्न हा होता, आणि आम्ही पाईनच्या वासाने तो झाकायला निघालो होतो.

म्हणून ठरलं : बादली, ब्रश, हातमोजे फक्त संत्र्याचे, त्यांच्यावर नाव. धुणं घराबाहेर, थंडीत गॅरेजमध्ये. स्वयंपाकघरात काही येणार नाही. सापाला, पेटीला, भांड्याला हात लावला की साबणाने वीस सेकंद हात. आईने त्याला हात लावायचा नाही. "मी कायले लावू?" आई म्हणाली.

मग पुतणीच्या तोंडून निसटलं की संत्र्याचे उंदीर फ्रीझरमध्ये असतात. गोठवलेले. मटारच्या बाजूला.

आई माळकरी आहे. त्यानंतरची पाच मिनिटं मी इथे लिहीत नाही. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, असल्या उंदरांमुळेही तिकडे लोक आजारी पडलेत, हे मी सांगायला गेलो पण त्याची गरज राहिली नव्हती. गॅरेजसाठी छोटा फ्रीझर त्याच दुपारी आला.

* * *

फोन ठेवल्यावर बराच वेळ मी कोठ्यात जाऊन बसलो होतो. आता तिथे गाय नाही, माझी मोटरसायकल असते.

आपल्याकडे देशी साप घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हाही होता. साप निघाला, जखमी दिसला, तर महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. परदेशी जातींबद्दल कायदा फारसा बोलत नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते. मुंबई-पुण्यात आता अशा पेट्या घराघरात दिसतात म्हणे. कायदा साप कुठून आला ते विचारतो. पेटी कशाने पुसली हे विचारायला कोणी येत नाही.

एकदा शाळेच्या सहलीबरोबर चेन्नईजवळ वडनेम्मेलीला गेलो होतो. इरुळा आदिवासींची सापाचं विष काढणारी सहकारी संस्था आहे तिथे, १९७८ पासूनची. रांगेने मातीची मडकी, अर्ध्यापर्यंत वाळू, तोंडाला सुती कापड बांधलेलं, आणि आत नाग, घोणस, मण्यार, फुरसं. तीन-चार आठवडे ठेवतात, विष घेतात आणि परत रानात सोडतात. त्या विषापासून प्रतिविष तयार होतं, आपल्या शेतात साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात तेच मिळतं. पोरं विष काढताना पाहत होती. मी मडकी हुंगत होतो. मातीचा वास होता, बाकी काही नाही.

आपला साप आपल्याला काही सांगू शकत नाही, हे खरं. पण ती धामण सांगत होती. अर्धं अंग उभं करून, तोंड उघडून, जाळीला डोकं घासून रात्रभर सांगत होती. मला ते आनंदासारखं दिसलं कारण मी चांगलं काम केलं होतं, आणि चांगलं काम केलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. शाळेतही कधी कधी एखादं पोर असं जाळीशी येऊन उभं राहतं. मी आता जरा थांबून पाहतो. तेवढं तिने शिकवलं.

परवाच्या शनिवारी आई बॅग भरत होती. पापड, कुरड्या, जवसाची चटणी, तिखट, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून. पुतणी फोनवरून पाहत होती. म्हणाली, "आजी, ते पेपर फेकू नको हं, मला हवेत. संत्र्याच्या खाली अंथरायला."

"तिखटाचा कागद नको देऊस," दादा मागून ओरडला. "कोरे आन वेगळे."

आता आईने महिन्याची रद्दी काढून ठेवलीय. दोन किलो आहे, विमानात चालेल का माहीत नाही. पण चाललं तर ओहायोतला एक साप यंदा अमरावती जिल्ह्याच्या बातम्यांवर झोपेल. लिंबाचं झाड अजून आहे. मी जाताना त्याला बादलीभर पाणी घातलं. साधं.